शेवटच्या पंगतीपर्यंत: खानापूर तालुक्यातल्या एका टाचदुखीचं प्रकरण

टाचदुखीचे रुग्ण बेळगावातल्या कुठल्याही फिजिओथेरपी दवाखान्याला नवे नाहीत. साधारण दहातल्या एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी हे दुखणं गाठतं, चाळिशी ते साठीच्या दरम्यान जास्त. त्यातलं एकच प्रकरण इथे सविस्तर लिहिते आहे. यातले उपचार जवळपास सगळे नेहमीचेच होते, पण ते लागू पडावेत म्हणून आधी या बाईंचं स्वयंपाकघर, देवघर आणि शाळेची फरशी समजून घ्यावी लागली. "विश्रांती घ्या आणि अनवाणी फिरू नका" असा सल्ला त्यांना आधीही मिळाला होता. दोन्ही गोष्टी त्यांच्या दिवसात बसत नव्हत्या. का बसत नाहीत, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

रुग्ण आणि तक्रार

वय 47. खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत अक्षर दासोह, म्हणजे कर्नाटकातल्या शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या योजनेखाली मुख्य स्वयंपाकीण. उंची 152 सेंमी, वजन 71 किलो, म्हणजे बीएमआय 31च्या आसपास. तीन वर्षांपासून मधुमेह, मेटफॉर्मिनच्या गोळ्या चालू, एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) 7.8. गावच्या आशा कार्यकर्तीनं सुचवलं म्हणून जुलैच्या भर पावसात पुतण्याला घेऊन आल्या. नाव-गाव देत नाही. आमच्याकडे सगळे त्यांना अक्का म्हणतात, इथेही तेच लिहिते.

उजवी टाच आठ महिन्यांपासून दुखत होती. "सकाळी अंथरुणातनं उठून पाय टेकला की जीव जातोय बघा मॅडम. दहा-बारा पावलं टाकली की जरा बरं. परत भाजी चिरून उठलं की तेच." पहिल्या पावलाची कळ दहापैकी आठ, असं त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं.

हे वर्णन ऐकलं की निदान निम्मं होऊन जातं. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड, चिवट पट्टा पसरलेला असतो, तो प्लांटर फॅशिया. झोपेत पाऊल खाली झुकलेलं राहतं, पट्टा आखडतो, आणि पहिल्याच पावलाला अंगाचा सगळा भार त्याच्यावर येतो. विळीवर अर्धा तास बसून उठतानाही तेच घडतं. म्हणून या दुखण्यात चालण्याइतकंच बसून उठणंही विचारावं लागतं.

अक्कांनी एक गोष्ट आपणहून सांगितली. रोप लावायला दिवसभर चिखलात उभं राहिलं तरी टाच फारशी बोलत नाही, घरात मात्र तासभर उभं राहिलं की दुखायला लागते. त्यांना याचं नवल वाटत होतं, मला तो पहिला धागा वाटला. त्यांच्या घराची जमीन पूर्वी शेणानं सारवलेली होती. मुलाच्या लग्नाआधी, आदल्या उन्हाळ्यात, घरभर टाइल्स घातल्या. दुखणं त्याच वर्षी नोव्हेंबरात सुरू झालं. टाइल्समुळेच झालं असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. वय, वजन, मधुमेह, पोटरीचा ताठरपणा ही कारणंही होतीच. पण कठीण जमिनीवर अनवाणी उभं राहण्याचे तास त्या वर्षी वाढले, हे नक्की.

आधी काय काय झालं होतं

दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या, बाम, बाजारातली मऊ चप्पल. शिवाय तापवलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून त्यावर टाच दाबायची, हा घरोघरी चालणारा शेक. टाचेच्या कडेला त्याचा काळसर डाग राहिला होता. हा शेक मी त्याच दिवशी बंद करायला लावला. मधुमेहात पायाची जाणीव हळूहळू कमी होते, चटका बसलेला कळत नाही, आणि टाचेवरची जखम महिनोन्‌महिने भरत नाही. त्यांची जाणीव आज शाबूत आहे म्हणून उद्याही असेल असं धरून चालता येत नाही.

एका दवाखान्यात एक्स-रे काढला होता. "हाड वाढलंय" एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं होतं, आणि त्या एका वाक्यानं फार नुकसान केलं होतं. हाड टोचतंय, चाललो तर आणखी वाढेल, शेवटी ऑपरेशन होईल, या भीतीनं त्या टाच उचलून चवड्यावर चालायला लागल्या होत्या. त्यामुळे पोटरी आणखी ताठली, गुडघाही कुरकुरायला लागला. टाचेच्या हाडाला असा काटा ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा कितीतरी माणसांच्या एक्स-रेतही दिसतो. दुखणं पूर्ण बरं झाल्यावरही तो असतो तसाच राहतो. अक्कांना हे सांगताना मी मुद्दाम त्यांचा एक्स-रे खिडकीशी धरून दाखवला आणि म्हटलं, हा काटा राहू दे, तो असतानाच तुम्ही बऱ्या होणार आहात. त्यांनी पुतण्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मग एवढे दिवस मी भ्याले ते उगीचच?"

मार्चच्या मध्याला टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शनही घेतलं होतं. आराम पडला, तो जूनपर्यंत टिकला. शाळा सुरू झाली आणि दुखणं दुप्पट होऊन परत आलं. यातला आराम किती इंजेक्शनचा आणि किती एप्रिल-मेच्या सुट्टीचा, हे वेगळं काढता येत नाही. सुट्टीत त्यांचे शाळेतले उभं राहण्याचे तास शून्यावर आले होते. त्या दुसरं इंजेक्शन मागायलाच आल्या होत्या. इंजेक्शनचा फायदा बहुधा काही आठवड्यांपुरता असतो. पुन्हा पुन्हा दिलं तर फॅशिया फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो, आणि मधुमेह असलेल्यांची साखर काही दिवस वर जाते. तेव्हा ते मागे ठेवायचं ठरलं.

तपासणी

टाचेच्या आतल्या बाजूला, थोडं पुढे, जिथे फॅशिया हाडाला चिकटतो, तिथे अंगठ्यानं दाबताच त्यांनी पाय ओढून घेतला. उभं असताना पायाचा अंगठा वर उचलला की तीच कळ. अंगठा वर गेला की फॅशिया ताणला जातो आणि पावलाची कमान उचलली जाते, ही यंत्रणा हिक्स यांनी 1954 मध्ये मांडली, आणि ही तपासणी तिच्यावरच बेतलेली आहे. भिंतीसमोर टाच न उचलता गुडघा टेकवायला सांगितलं तर डावा पाय भिंतीपासून 9 सेंमीवर असताना टेकला, उजवा 5 सेंमीवरच अडला. एका पायावर उभं राहून टाच उचलणं डावीकडे 11 वेळा जमलं, उजवीकडे 4 वेळा, तेही दात आवळून.

टाच दुखते म्हणजे फॅशियाच, असं गृहीत धरलं नाही. टाचेचं हाड दोन्ही बाजूंनी दाबलं, दुखलं नाही, तेव्हा हाडाला बारीक चीर पडल्याची शंका कमी झाली. घोट्याच्या आतल्या बाजूच्या नसेवर टिचकी मारून मुंग्या आल्या नाहीत. मोनोफिलामेंटनं, म्हणजे स्पर्शाची जाणीव तपासायच्या बारीक नायलॉनच्या तंतूनं, तळव्याच्या सगळ्या जागी स्पर्श कळला. सकाळी पाठ, कंबर ताठ होत नव्हती, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं नव्हतं, टाचेवर सूज नव्हती. तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि पहाटे कंबर आखडत असेल, तर संधिवाताच्या डॉक्टरांकडेच पाठवावं लागतं. इथे तसं काही नव्हतं.

दिवसाचा हिशेब

पहिल्या भेटीतला बराच वेळ यातच गेला, आणि तो सत्कारणी लागला असं मला वाटतं. पहाटे उठून चूल, पाणी, गोठा. मग देवपूजा. नऊच्या आधी शाळेत, कारण क्षीरभाग्य योजनेत मुलांना द्यायचं दूध आधी तापवायचं असतं. मग भात-सांबाराची पातेली. ढवळणं उभ्यानं, वाढणं उभ्यानं, भांडी मोरीच्या दगडावर उभ्यानं. घरी येऊन परत स्वयंपाक. यातला बहुतेक वेळ अनवाणी, कारण शाळेच्या स्वयंपाकघरात बाहेरची चप्पल नेत नाहीत आणि घरात सासूबाई चालू देत नाहीत. "काम काय करता?" या प्रश्नाला त्यांचं पहिलं उत्तर होतं, "काही नाही, शाळेत भात शिजवते."

हे "काही नाही" मला फार खटकलं. कारखान्यातला माणूस आठ तास उभा राहिला तर आपण त्याला कष्टाचं काम म्हणतो. बाई तितकीच उभी राहते, अनवाणी, आणि तिला विश्रांती घ्या असं सांगून घरी पाठवतो. घरी गेल्यावर तर तिची दुसरी पाळी सुरू होते.

काय साधायचं आहे, असं विचारल्यावर त्यांचं उत्तर तयार होतं. शेवटच्या पंगतीपर्यंत मुलांना आपल्या हातानं वाढता आलं पाहिजे. तेव्हा मध्येच टेकावं लागत होतं आणि जोडीची स्वयंपाकीण उरलेलं वाढायची. तेच उद्दिष्ट मी कागदावर लिहिलं.

चपलेचा प्रश्न

घरात चप्पल घालायला सांगितल्यावर अक्का गप्प बसल्या. अशा वेळी गप्प बसणं म्हणजे नकार असतो. त्यामुळे सासूबाईंशी फोनवर मीच बोलले. त्यांचा आक्षेप बाहेरची घाण आत येण्याला होता, आणि तो रास्तच होता. मग तोड निघाली ती अशी: मागे पट्टा असलेली, जाड आणि मऊ तळाची नवी चप्पल आणायची, धुऊन घरात घ्यायची आणि ती उंबऱ्याबाहेर कधीच न्यायची नाही. न्हाणीघरातही नाही. देवघरात अनवाणीच, पण पूजेला उभं राहायच्या जागी घोंगडीची चौपदरी घडी. सासूबाईंनी एकच अट घातली, चप्पल आपल्याला दाखवून मगच वापरायची. मागचा पट्टा मी मुद्दाम सांगितला होता. पातेलं उतरवताना चप्पल निसटली तर टाचदुखीपेक्षा मोठं संकट यायचं.

शाळेसाठीही अशीच दुसरी जोडी, तिथल्याच कपाटात राहणारी. चुलीसमोरच्या जागेसाठी पुतण्यानं उपाय शोधला. गोठ्यात जनावरांखाली घालतात ती जाड रबरी मॅट. नवी आणून तिचा तुकडा कापला, खाचांची बाजू वर ठेवली म्हणजे पाणी-सांबार सांडलं तरी पाय घसरत नाही. रोज काम संपल्यावर ती धुऊन उभी करून ठेवायची. मुख्याध्यापकांनी लगेच होकार दिला. जोडीच्या बाईंशी बोलून कामांची अदलाबदलही केली. भाजी चिरणं, तांदूळ निवडणं ही बसायची कामं दोन टप्प्यांत अक्कांकडे आली, म्हणजे सलग उभं राहणं तुटलं.

व्यायाम

पहिला व्यायाम अंथरुणातच, पाय जमिनीला लावायच्या आधी. उजवा पाय डाव्या मांडीवर घ्यायचा, हातानं पाचही बोटं नडगीकडे मागे ओढायची, दुसऱ्या हातानं तळव्यातला ताणलेला पट्टा चाचपून पाहायचा, दहा अंक मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. विळीवरून उठण्याआधीही निदान दोन-तीनदा. सकाळची कळ पहिल्या दोन आठवड्यांत थोडी तरी नरमली, तिचं श्रेय मी बरंचसं यालाच देते.

दुसरा व्यायाम खरा औषधाचा. फॅशिया हा भार सोसणारा पट्टा आहे. जुनाट टाचदुखीत त्यात सुजेपेक्षा झिजेच्या खुणा जास्त आढळतात, हे शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींच्या तपासणीतून 2003 मध्ये मांडलं गेलं. अशा पट्ट्याला नुसती विश्रांती देऊन तो दणकट होत नाही, त्याला हळूहळू चढता भार द्यावा लागतो. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाच उचलण्याचा जोरकस व्यायाम करणारे रुग्ण तीन महिन्यांनी नुसता ताण देणाऱ्यांपेक्षा बरेच पुढे होते. वर्षाअखेरीस मात्र दोन्ही गट सारखेच झाले, हेही अक्कांना सांगितलं. हा व्यायाम बरं होण्याची वाट लवकर कापतो, चमत्कार करत नाही.

मागच्या दाराची दगडी पायरी, हातात चौकट, पायाच्या बोटांखाली पंचाची घट्ट गुंडाळी, म्हणजे बोटं वर वळलेली राहतात आणि फॅशिया ताणलेला. तीन सेकंद टाच वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. एक दिवस आड. मूळ पद्धतीत सुरुवात एका पायावर 12 वेळा, तीन फेऱ्या अशी होते. मग भार वाढवत 10 वेळा चार फेऱ्या, पुढे 8 वेळा पाच फेऱ्या. अक्कांना एका पायावर चारच जमत होते, म्हणून पहिले काही आठवडे दोन्ही पायांवर केलं. दुखणं दहापैकी चारपर्यंत चालेल, दुसऱ्या सकाळी ते नेहमीइतकंच असलं पाहिजे. वाढलेलं असेल तर पुढची फेरी हलकी करायची, सोडायची नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला पुतण्यानं व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवला. टाच वर नीट जात होती, खाली मात्र धपकन पडत होती. सेकंद मोजायला सांगून उपयोग झाला नव्हता, घाईघाईत एक-दोन-तीन एका दमात संपायचं. घर माळकरी. म्हणून म्हटलं, वर जाताना एकदा सावकाश "रामकृष्णहरी, रामकृष्णहरी", खाली येताना तसंच. पुढच्या व्हिडिओत टाच अगदी हवी तशी संथ उतरत होती, आणि मागून सासूबाईंचाही सूर ऐकू येत होता. एका पायावर जमू लागल्यावर पाठीवर नातवाच्या दप्तरात तांदळाच्या पिशव्या घालून भार वाढवला.

पोटरीचा ताण भिंतीला हात टेकून, रोज. संध्याकाळी बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून तळव्याखाली फिरवणं, दहा मिनिटांच्या आत, त्वचा पाहून. गोळ्या जवळपास थांबल्या. वजनावर मी व्याख्यान दिलं नाही. साखरेसाठी त्यांच्या डॉक्टरांशी बोलून गोळ्यांची वेळ नीट बसवून घेतली, एवढंच.

सगळ्या सूचना मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून दिल्या होत्या. तो कागद कॅलेंडरशेजारी चिकटवला होता आणि केलेल्या दिवसावर कुंकवाचा ठिपका लागत होता. खानापूरहून बेळगाव सव्वीसेक किलोमीटर. जून 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी बसचं तिकीट लागत नाही, त्यामुळे भेटींचा खर्च आडवा आला नाही. शाळेतून सुट्टी काढणं मात्र कठीण होतं. म्हणून भेटी थोड्या आणि व्हिडिओ जास्त.

पुढे काय झालं

दसऱ्याच्या सुट्टीत पहिल्या पावलाची कळ आठवरून तीनवर आली होती. उजवा गुडघा भिंतीपासून 8 सेंमीवर टेकत होता. संक्रांतीच्या सुमारास कळ एकवर, एका पायावर टाच उचलणं 14 वेळा. शाळेत शेवटची पंगत त्याच वाढत होत्या. हे त्यांनी सांगितलं नाही, जोडीच्या बाईंनी फोनवर सांगितलं.

फेब्रुवारीत गावात लक्ष्मीची यात्रा झाली. घरी पाहुण्यांची रीघ, दिवस-रात्र स्वयंपाक. एवढ्या लोकांत घरातली चप्पल बरी दिसत नाही म्हणून ती कोपऱ्यात गेली. यात्रा संपली आणि टाच परत पाचवर. अक्कांचा धीर सुटला होता. "सगळं पाण्यात गेलं म्हणायचं." मी त्यांना टाच उचलायला लावली, एका पायावर 12 झाले. ताकद कुठे गेली नव्हती, पट्ट्यावर काही दिवस सोसण्यापलीकडचा भार पडला होता, एवढंच. काही दिवस टाचेखाली आणि कमानीला टेपची पट्टी बांधली, व्यायाम दोन पायांवर उतरवला, चप्पल परत आली. तीन आठवड्यांत कळ दोनच्या खाली. दुखण्याची अशी उसळी जुनाट टाचदुखीत येतेच. पहिल्या भेटीतच तिची कल्पना दिली तर माणूस उपचार सोडत नाही. अक्कांना ती दिलेली होती, तरी त्या दिवशी पुन्हा नव्यानं सांगावी लागली.

हे सगळं व्यायामानंच झालं असा दावा मी करणार नाही. बहुतेकांची टाचदुखी शस्त्रक्रियेविना, वर्षभरात ओसरते, आणि अक्कांच्या बाबतीत चप्पल, मॅट, कामाची अदलाबदल आणि व्यायाम एकाच वेळी सुरू झाले. सहा महिने नीट उपचार करूनही फरक नसता, तर शॉकवेव्हचा, म्हणजे यंत्रानं टाचेवर ध्वनिलहरींचे धक्के देण्याच्या उपचाराचा, विचार केला असता. शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते.

एप्रिलमध्ये, सुट्टी लागण्याआधी, शेवटची तपासणी झाली. पहिल्या पावलाला कळ कधी शून्य, कधी एक. पुढचं वेळापत्रक त्यांना लिहून दिलं आहे. सुट्टीत उभं राहणं कमी होणार आणि जूनमध्ये शाळा, पेरणी आणि पाठोपाठ रोप लावणी एकदम अंगावर येणार, म्हणून व्यायाम आठवड्यातून दोनदा चालूच ठेवायचा. मेच्या मध्यापासून तो परत एक दिवस आड आणि दप्तरातल्या तांदळासकट. शाळेतली मॅट सुट्टीत उंदरांनी कुरतडू नये म्हणून घरी आणून ठेवायची. आणि पहिल्या आठवड्यात दूध तापवायचं काम जोडीच्या बाईंनी घ्यावं, हे दोघींनी आधीच ठरवून घेतलं आहे.